मला थांबूच दिलं नाही

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपच्या पोटात तळहाताएवढ्या डबीत माझी चकती गरगर फिरते आणि लिहिलेलं सारं जपून ठेवते. मित्रांनो, फिरायला मला बॅटरी लागते. काम नसलं की मी चकती थांबवून डुलकी काढते, म्हणजे बॅटरी वाचते.

माझी मालकीण सुतारकामातले शब्द गोळा करायची. सगळे तिला ताई म्हणत. ज्या सरांकडे ती शिकली, त्यांनीच तिला शब्दकोशाच्या या कामाला लावलं होतं. सहा वर्षं आम्ही वखारी आणि गल्लीबोळातली दुकानं पालथी घातली. रंधा, पटाशी, गुण्या, एकेका हत्याराची किती नावं! सुरुवातीला बॅटरी तीन तास टिकायची. "गुणाची आहे माझी," असं म्हणत ताई झाकणावरचा भुसा पुसायची. अंगात मांस नसूनही मला मूठभर मांस चढायचं.

मग एकदा सर घरी आले. "तुझं काम हरवायला नको. एक प्रोग्राम टाकून देतो, आपोआप प्रत ठेवेल," म्हणाले. ताईनं डोळे झाकून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तो प्रोग्राम दर मिनिटाला मला हलवायचा, सगळी पानं चाळायला लावायचा. ताई चहा प्यायला उठली तरी मी आपली फिरतेच आहे. बॅटरी पाऊण तासात धापा टाकू लागली.

शेवटी व्हायचं तेच झालं. एक म्हातारे सुतारकाका होते. लाकडाचे जुने सांधे कसे करायचे आणि त्यांना काय म्हणायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठे गमत्ये. कुरकुरणाऱ्या रंध्याला ते 'सासूबाई' म्हणायचे. "बोलते फार, पण काम चोख!" ताईनं हसत तेही टिपलं आणि पुढे लिहिलं, 'काकांची थट्टा, कोशात घेऊ नये.' ते सांध्यांवर आले, ताई त्यांचा आवाज माझ्यावर साठवत होती, आणि पडदा काळा झाला. दुकानात वीज नव्हती.

"राहू दे पोरी, पुढच्या आठवड्यात बस निवांत," काका म्हणाले.

पण पुढच्या आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली.

घरी येऊन ताईनं झाकण आपटलं. "तूच घात केलास!" म्हणाली. मित्रांनो, मला तोंड असतं तर सांगितलं असतं. तीच मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली, मला काढून टाकायला.

दुकानातल्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. लॅपटॉप सुरू करून, हाताची घडी घालून नुसत्या बघत बसल्या.

"ताई, तुम्ही आत्ता काही लिहिताय का?"

"नाही."

"मग डिस्कचा हा बारीक दिवा का लुकलुकतोय? डिस्क ठणठणीत आहे. तिला कुणीतरी पळवतंय." त्यांनी शोधलं आणि आवाज खाली आणला. "तुमचं प्रत्येक पान दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात जातंय. हे नाव ओळखीचं आहे?"

नाव सरांचं होतं.

ताई मला बगलेत मारून तडक त्यांच्याकडे गेली. टेबलावर छापायला निघालेल्या शब्दकोशाची पानं पडली होती. वर एकट्या सरांचं नाव. ताईनं 'स'चं पान काढलं. 'सासूबाई : रंध्याचा प्रचलित पर्याय.'

"सर, ही थट्टा होती," ती एवढंच म्हणाली.

"तुझ्या नावानं कोण छापणार होतं?" सर म्हणाले. मान वर केली नाही.

माझ्यावरच्या प्रत्येक पानावर तारीख होती. ताईनं ती सगळी प्रकाशकांपुढे ठेवली, तेव्हा पुस्तक थांबलं. दुकानातल्या बाईंनी तो प्रोग्राम उपटून टाकला, लॅपटॉपची आपोआप चालणारी फुकटची शोधाशोध बंद केली आणि मेमरी वाढवली, म्हणजे ऊठसूट माझ्याकडे धाव नको. दोन वर्षांत पहिल्यांदाच, काम नसताना माझा दिवा विझला. मी थांबून डुलकी काढली. ताईनं झाकणावर हात ठेवला, पण "गुणाची" म्हणाली नाही. माझ्यामार्फतच तिचं घर फोडलं गेलं होतं. तिला ते विसरता येत नव्हतं, आणि मला तिचं ते आपटणं.

मग आम्ही काकांकडे गेलो. काका थरथरत्या हातानं एकेक सांधा जुळवून दाखवत होते. ओठ हलायचे, शब्द फुटत नव्हता. ताई दिसेल ते लिहीत होती. नावांच्या जागा रिकाम्या सोडत होती.

मित्रांनो, कुणी दमलेलं दिसलं, तर त्याला दोष देण्याआधी त्याला कोण पळवतंय ते बघा. आणि वेळेवर बघा. काकांनी सांधे जुळवून दाखवले त्या दिवशी माझी बॅटरी पुरते तीन तास टिकली. सांगणाऱ्याचा आवाज तेवढा उरला नव्हता.