लाल दोऱ्याचा ग्लोव्ह

मी बेसबॉलचा ग्लोव्ह बोलतोय. हसू नका, मलाही तोंड आहे. अख्खा चेंडू मावतो त्यात.

कुणीतरी टाकून दिलेला मी ओफेलिया मावशीच्या हाती लागलो. तिने माझा तुटका पट्टा लाल दोऱ्याने शिवला, डुकराची चरबी चोळचोळून मला मऊ केलं आणि भाच्याला, अमोसला दिलं. पुढे अमोस आमच्या जॉर्जिया राज्यातल्या गोऱ्यांच्या लीगमधला पहिला काळा खेळाडू झाला. मावशी काळ्यांच्या वेगळ्या बाकांवर बसून मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायची.

तेव्हा फलंदाजीला जाताना खेळाडू ग्लोव्ह गवतावरच टाकून जायचे. डाव बदलताना समोरच्या संघातल्या क्लाइडचा ग्लोव्ह क्षणभर माझ्या शेजारी असायचा. आमचं छान जमायचं. क्लाइड मात्र मला बुटाने दूर ढकलायचा.

त्या शनिवारी अमोसकडे बोट दाखवून त्याने जाहीरच केलं, "त्याचा हात लागलेल्या वस्तूला मी शिवणार नाही. उद्या तो खेळला, तर आम्ही कुणीच उतरणार नाही."

आमच्या संघाच्या मालकाने लगेच माघार घेतली. "आजचा सामना खेळ," तो अमोसला म्हणाला, "उद्याचं घरचं तिकीट काढतो." अमोसने मला हातात घट्ट बसवलं आणि तो मैदानात उतरला.

शेवटच्या डावात क्लाइड बाद झाला, पंचाशी भांडला, तणतणत आला आणि स्वतःचा समजून, न बघताच त्याने गवतावरून मला उचलून हातात चढवलं! थोड्या वेळाने अमोसनेच सणसणीत चेंडू हाणला, थेट आमच्याकडे. सोडून द्यावा असं फार वाटलं हो. पण जन्माची सवय! मी मिटलो.

त्या झेलाने क्लाइडच्या संघाने सामना जिंकला. क्लाइडने ऐटीत हात उंचावला आणि लाल दोरा सगळ्यांना दिसला.

"अहो साहेब," मावशी ओरडली, "तो माझ्या भाच्याचा आहे! आता तो हात घरी नेणार, की इथंच ठेवणार?"

आधी काळ्यांची बाकं हसली, मग गोऱ्यांची. क्लाइडचे सोबतीही पोट धरून हसू लागले.

लालबुंद क्लाइड अमोससमोर आला. आता हा मला फेकणार, असं वाटलं. पण त्याने मला उघडून-मिटून पाहिलं आणि पुटपुटला, "काय चोळतोस रे याला?"

"मावशीला विचार. पण टोपी काढून."

दुसऱ्या दिवशी दोन्ही संघ उतरले. तिकीट फुकट गेलं.

आता मी गावच्या सभागृहात काचेच्या पेटीत असतो. मान मोठा आहे, पण कातडं वाळत चाललंय. कुणीतरी काच उघडा, थोडी चरबी चोळा आणि आत हात घाला. कुणाचाही चालेल.