मधोमध गोरियो

निकासियो दिमालांताने, म्हणजे कास्योने, आयुष्यभर रॉकवाल्यांचे चेहरे टिपले, आणि त्याचं मत विचाराल तर त्यातले निम्मे टिपण्यालायक नव्हते. हे लोक कुबावच्या त्याच्या स्टुडिओत चेहरा घालूनच येत. काळा चष्मा, कातडी जाकीट, आणि जगाने आपला घोर अपमान केलाय असा भाव. हाच माणूस खाली जीपनीच्या, म्हणजे तिकडच्या शेअर जीपच्या, ड्रायव्हरशी सुट्ट्या पैशांवरून भांडून आलेला असे.

म्हणून कास्योने एक युक्ती काढली होती. पहिली दहा मिनिटं तो कॅमेऱ्यात फिल्मच घालत नसे. दिवे लखलखत, खटके वाजत, माणूस जबडा पुढे काढून काढून दमे, आणि मग त्याचा खरा चेहरा हळूच वर येई. तेव्हा कास्यो "जरा लेन्स पुसतो" म्हणून पाठ वळवी आणि फिल्म भरी. हे गुपित एकट्या लुमिंगला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. रॉकवाल्यांना कळतं तर गिटारी त्याच्याच डोक्यात फुटल्या असत्या.

एक्याऐंशी साली 'कलावांग' आले. कलावांग म्हणजे गंज. गिटारवाला पोन्सो, ड्रमवाला तेम्योंग आणि गाणारा गोरियो. तिघं, म्हणजे पंचाईत. फोटोत तिघं उभे राहिले की मधला आधी मरतो, हे तिकडे शेंबडं पोरही जाणतं. तीन बहिणींचा फोटो काढायचा तर शेजारणीला हाताला धरून आणतात. चर्चच्या पायरीवर बाटल्या फोडणारे हे वीर मधोमध उभे राहायला काही तयार होईनात.

"लुमिंग, चौथी म्हणून उभी राहा गं!"

"भात चढवलाय मी."

"भात पळून जात नाही."

लुमिंग डाव हातात घेऊनच कडेला उभी राहिली. दोन-तीन खटके झाले आणि करपल्याचा वास आला. ती पळाली, आणि नेमका तेव्हाच दिवा लखलखला. फोटोत तिघंच. मधोमध गोरियो.

"कुया! तिघंच होतो की रे आम्ही!" गोरियो ओरडला. कास्यो त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून कुया, म्हणजे दादा.

"चला, ठरलं एकदाचं," पोन्सो म्हणाला. "गोरियो, तुझे बूट मला होतील."

कॅमेरा रिकामा होता. पण तसं सांगायचं कसं? दहा मिनिटं तिघं वाघाचे चेहरे करून घाम गाळत होते. कास्योने लेन्स पुसली, फिल्म भरली, लुमिंगला परत उभं केलं. पुढचे बाराच्या बारा फोटो चौघांचे निघाले. त्यातल्या सातव्यात गोरियोचा चेहरा असा आला होता, की जणू त्याला आपली तारीख कळलीय. कास्योने कात्री घेऊन लुमिंगला कडेने कापून टाकलं, आणि तिघं कव्हरवर गेले.

गोरियोने रेकॉर्ड हातात घेऊन विचारलं, "कुया, हा तोच ना? वहिनी पळाली तेव्हाचा?"

कास्यो तोंड उघडणार होता. पण कव्हरवर तिघंच बघून पेपरांनी तोवर त्याचा 'मरणाचा फोटो' करून टाकला होता, आणि तसलाच फोटो हवा म्हणून सात बँड जिन्यात ताटकळत होते.

"तोच रे," तो म्हणाला.

एवढं पुरलं. गोरियोला मग रात्रीची बस नको, बोट नको, विमान तर नकोच. दौऱ्याशिवाय बँड कसा चालणार? वर्षभरात फुटला. ठरलेलं लग्न त्याने मोडलं, पोरगी विधवा व्हायला नको म्हणून. ती दंतवैद्याशी लग्न करून पाच मुलांची आई झाली. गोरियो बहिणीच्या, शोनिंगच्या, घरी तळमजल्यावर काज-बटण करत बसला. जिना चढायला नको. कास्यो मात्र चढत गेला. "याचा कॅमेरा माणूस खातो" अशी कीर्ती झाली. रॉकवाल्याला आणखी काय हवं?

लुमिंग अधूनमधून म्हणे, "मला कापलंस ते कापलंस. त्या पोराला सांग, मी होते म्हणून." सहा वर्षांपूर्वी मरताना तिने शब्दच घेतला. कास्योने दिला. देण्यात तो कधीच मागे नसे.

आणि परवा गोरियो स्वतःच आला. साठीचा, मूत्रपिंडं गेलेली, शोनिंगच्या खांद्यावर हात टाकून. अडतीस वर्षांत पहिल्यांदा जिना चढला होता.

"शवपेटीवर ठेवायला फोटो काढ, कुया. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना."

"काहीतरीच काय."

"अरे, रडतोस काय! पोन्सो नगरसेवक झालाय, पोट बघ त्याचं. तेम्योंग तर नातवंडांना पोहायला शिकवतो. मीच पहिला!" लॉटरी लागल्यासारखा तो हसला. "उशीर झाला, पण तुझा फोटो खरा ठरला बघ. लोक मला वेडा म्हणायचे."

कास्योने फिल्म आधीच भरली होती. या चेहऱ्यावर घालवण्यासारखं खोटं काही उरलंच नव्हतं. एकच फोटो काढला. चाळीस वर्षांतला सगळ्यात चांगला, हे त्याला खटका वाजतानाच कळलं.

मग त्याला लुमिंग आठवली. त्याने कपाटातून त्या कव्हरच्या फोटोची निगेटिव्ह काढली आणि खिडकीपाशी धरली.

गोरियोने बोट टेकवून मोजलं. "पोन्सो. मी. तेम्योंग. आणि हा… हा डाव कुणाचा?"

"लुमिंगचा. ती पळाली तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. मी आधी नुसताच खटका वाजवायचो."

"मग मधला कोण?"

"कुणीच नाही."

खाली एक जीपनी बराच वेळ हॉर्न वाजवत राहिली.

"आज का सांगितलंस?"

"लुमिंगला शब्द दिला होता."

"हां. वहिनीसाठी." गोरियोने निगेटिव्ह परत दिली. "मला वाटलं, माझ्यासाठी. माझं बरं चाललं होतं रे, कुया. चांगला मरत होतो मी." मग त्याने विचारलं, "आत्ता होती का फिल्म?"

"होती."

"काढ बाहेर."

"गोरियो, तो फोटो…"

"उन्हात धर."

कास्योने कॅमेरा उघडला आणि फिल्म ओढून खिडकीत धरली. शोनिंग जागची हलली नाही. फिल्म पुरती गेली याची खात्री झाल्यावरच तिने भावाला उठवलं.

अकराव्या दिवशी गोरियो गेला. पेटीच्या काचेवर त्याच्या ज्येष्ठ नागरिक कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. कुठल्यातरी कारकुनाने काढलेला, एक कान कापलेला, डोळे अर्धे मिटलेले. पोन्सो आणि तेम्योंग मयताच्या रीतीप्रमाणे बाहेर पत्ते खेळत होते.

"कास्यो, तू असताना हे काय रे लावलंय?" पोन्सो म्हणाला. "पण तुझा तो फोटो खरा निघाला हं. मधलाच आधी!" मग तो आत येऊन पेटीच्या एका बाजूला उभा राहिला, तेम्योंग दुसऱ्या बाजूला, आणि कुणीतरी मोबाइल उगारला. "थांबा थांबा, तिघं होतोय! कास्यो, ये, चौथा उभा राहा."

कास्यो पुढे झाला.

"त्याला नको," शोनिंग म्हणाली. आल्याच्या चहाचे पेले तिने खाली ठेवले, झग्याला हात पुसले आणि ती स्वतःच जाऊन उभी राहिली.

फोटो निघाला. कास्यो कोपऱ्यात पेला ठेवून बाहेर पडला. मयताच्या घरून निघणाऱ्याला तिकडे कुणी दारापर्यंत पोचवत नाही, तशी रीतच आहे. कास्योला ती रीत तेव्हा फार सोयीची वाटली.