मागचं चाक

घंटीवरचा पोचा गेला होता. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती खिडकीशी बसली होती, आणि दाराबाहेर टेकवलेल्या सायकलवरून फिरत फिरत तिची नजर पुन्हा त्या घंटीवरच येऊन थांबत होती — गोल, गुळगुळीत, नव्या नवरीसारखी चकचकीत. पण तो पोचा अपघाताचा नव्हताच! तो कितीतरी जुना, सायकल जिन्यावरून घसरली होती तेव्हाचा... म्हणजे यांनी अपघाताच्या खुणा पुसल्या त्या पुसल्याच, आणि हात थांबेना म्हणून आधीच्याही पुसून टाकल्या.

नवरा सायकल दुरुस्तीवाला. ती हॉस्पिटलात असताना तिच्या मोडक्या हाडाला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. मग त्यानं मोडकी सायकल दुकानात नेली. हँडल सरळ केलं, मागचं चाक नवं बसवलं, जुनं भंगारात दिलं. ती घरी आली त्या दिवशी त्यानं ती सायकल बाळंतिणीला बाळ दाखवावं तशी पुढ्यात आणली होती, आणि ती आनंदानं रडली होती. आणि आज सकाळी भाचीचा फोन. नणंदेची मुलगी वकील. भरपाईचा दावा तिनं कालच हाती घेतला होता.

"मामी, गाडीवाला म्हणतोय, तू हात न दाखवता मध्येच वळलीस. सायकल आहे तश्शी ठेवलीय ना? मी फोटो काढायला येतेय."

हात न दाखवता... तिला काहीच आठवत नव्हतं. मागे कॅरियरला छापखान्याची मुद्रितं, पुढे औषधाच्या दुकानाचं वळण, आणि मग एकदम हॉस्पिटलचं छत. मधली ओळच गळाली होती. जन्मभर मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका शोधून पोट भरलं; आता रात्रंदिवस स्वतःची शोधत होती. मी हात दाखवला होता का? की कुठल्या तरी अर्धवट वाक्याच्या नादात तशीच वळले? भरपाई मिळो न मिळो, मला एवढं तरी कळू दे...

भाची आली, आणि सायकल बघून दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली.

"मामा! पुराव्याला तेलपाणी केलंस तू!"

"मग काय मोडकी ठेवू तिच्या डोळ्यांसमोर?" तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला, की भाचीलाच हसू आलं.

मग तिनं नीट समजावून सांगितलं. विमा कंपनी तडजोडीला तयार आहे, पण निम्मी चूक मामीची धरून. नाहीतर दावा चालवायचा, साक्षीदार शोधायचा. "आणि मामी, थोडी चूक तुझी निघाली तरी भरपाई कमी होते, बुडत नाही. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." मग मामाकडे वळून, "जुनं चाक कुठून चेपलं होतं?"

तो स्वच्छ हात फडक्याला पुसत राहिला. "मागून. सरळ मागून. ही वळली असती तर मार आडवा बसला असता."

"नक्की?"

"नक्की."

"तू नवरा, त्यात चाक भंगारात घालणाराही तूच. समोरचा वकील हसेल रे मामा. पण लिहून घेते." आणि ती औषधाच्या दुकानात कोणी काही पाहिलंय का, ते विचारायला गेली.

'नक्की' म्हणताना तो सायकलच्या नव्या चाकाकडे बघत होता. भाजी खारट झाली की तो 'छान झालीय' म्हणतो, तेव्हा असाच ताटाकडे बघतो... पण खरं बोलतानाही हातातल्या कामाकडेच बघतो की! इतक्या वर्षांत या माणसाच्या हातून वाकडी गोष्ट वाकडी म्हणून परत गेलेली नाही. मग मला लागलेला बोलही यांनी तसाच ठोकून सरळ केला असेल तर? राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला त्याची माया दाटून आली.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "घंटी वाजवा बघू."

"आता?"

"वाजवा ना."

त्यानं वाजवली. जुनी खरखर गेली होती. आवाज लांबवर गेला. आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचा हात आपोआप बाजूला गेला, सरळ, ताठ, बोटं जुळलेली. रोज त्या वळणावर घंटी वाजवून करायची तसाच. त्या दिवशीचा हात होता हा, की रोजचा? तिला कळेना. हात खाली घ्यावासाही वाटेना. समोर त्यानं फडकं टाकलं होतं आणि तो चाकाकडे नाही, सरळ तिच्याकडे बघत होता.