मेहुण्याचा दूतावास

देश केवढा, तर कुठल्याही टॅक्सीवाल्याला मंत्र्यांचं घर तोंडपाठ. एवढ्याशा देशानं परदेशात बिऱ्हाडं थाटायची तर अंथरूण पाहूनच पाय पसरायला हवेत. पण मंत्र्यांना आणखी एक दूतावास उघडायचा होता आणि तिजोरीत खडखडाट होता. म्हणजे जुना एखादा बंद करणं आलं. कुठला करायचा, हे सांगायचं नकोसं काम परराष्ट्र खात्यातल्या झेफरीनोच्या गळ्यात पडलं.

त्यानं सगळे दूतावास तपासले आणि त्याचं बोट टेकलं ते नेमकं बायकोच्या थोरल्या भावावर. लिबोरियो ज्या राजधानीत राजदूत होता, तिथे आपला म्हणावा असा एक माणूस राहत नव्हता. उलट, दुसऱ्या एका थंड देशात आपली हजारो पोरं कोंबड्या कापायच्या कारखान्यांत राबत होती. त्यातलं कुणी मेलं तर प्रेत आठवडेच्या आठवडे शवागारात पडून राहायचं, कारण कागदावर सही करायला आपलं तिथे कुणीच नव्हतं. झेफरीनोनं लिहून टाकलं, तो बंद करा आणि हा उघडा.

"अरे, सख्ख्या मेहुण्यावरच कुऱ्हाड?" शेजारच्या टेबलावरचा म्हणाला.

"भीड भिकेची बहीण," झेफरीनो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त बातमी फुटली ती वाईट वेळी.

सासूला जाऊन वर्ष होत आलं होतं. बायको जुविता वर्षभर काळ्या कपड्यांत होती आणि ते काळं उतरवायचा विधी शनिवारी तिच्या माहेरी, बाउकाउच्या वरच्या डोंगरातल्या गावात होता. लिबोरियोही त्यासाठी आला होता. आमच्याकडे मान मुलीकडच्यांचा. जावयानं रेडा घेऊन यायचं आणि बोलावीपर्यंत दाराशी मान खाली घालून उभं राहायचं. रेडा घेतला तर नातं शाबूत, परत पाठवला तर पोरीचं माहेर तुटलं.

"या, जावईबापू!" लिबोरियो फाटकातच आडवा उभा राहिला. "रेडा दणदणीत आणलाय. माझी खुर्ची विकून घेतलास का?"

"मेहुणे, ऑफिसचं ऑफिसात राहू द्या. आज आईंचा दिवस आहे."

"आईच्या दिवशीच बोलणार! आपल्याला देश नव्हता तेव्हा मी त्या शहरात चर्चच्या फरशीवर झोपायचो. आमची माणसं मरताहेत हो, म्हणत दारोदार फिरायचो. पहिलं दार त्यांनी उघडलं. त्यांच्याच तोंडावर तू ते आपटणार? तेव्हा कुठे होतास रे तू? शेंबूड पुसत होतास?"

"तेव्हाच्या मेलेल्यांसाठी तुम्ही भांडलात. आत्ताच्यांसाठी कोण भांडणार? तुमच्याकडे वर्षभरात येतं कोण? स्वातंत्र्यदिनाला केक खायला दोन म्हातारे!"

हे शेवटचं तो बोलायला नको होता. डुक्कर भाजणारेसुद्धा हातातलं काम टाकून बघायला लागले.

लिबोरियोनं पूर्वजांच्या घराकडे हात केला. "यांच्यासमोर सांग, त्या कागदावरून माझ्या दूतावासाचं नाव खोडतो म्हणून. नाहीतर जनावर गाडीत घाल आणि चालता हो."

जुविता पुढे आली आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. "म्हण ना खोडतो. सोमवारी लिही काय लिहायचं ते."

पूर्वजांपुढे खोटं बोलायची झेफरीनोची छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर मेहुण्यापुढे वाकायची तयारी त्याहून नव्हती. "चढवा रेडा," तो ड्रायव्हरला म्हणाला. जुविता आतच राहिली.

सोमवारी तो मंत्र्यांपुढे गेला तो परदेशात मेलेल्या पोरांविषयी बोलायला. पण बोलताना डोळ्यांसमोर सारखं लिबोरियोचं तोंड येत होतं. मंत्री म्हणाले, "राजदूतांना तीन महिन्यांची मुदत देऊ."

"एक पुरे," झेफरीनो म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना म्हणाला, "आणि गाडी आधी काढून घ्या." त्याला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा जुविता परतली होती. स्वयंपाकघरात मिरच्या कुटत होती.

"मंत्र्यांनी सही केली! नवा दूतावास होतोय."

"चांगलं झालं. त्या पोरांच्या आया तुला दुवा देतील."

"आणि तुझ्या दादाला महिन्याभरात गाशा गुंडाळायचाय," तो म्हणाला. बोलताना आपण हसतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तिनं मान वर केली तेव्हा आलं. तेव्हाच त्याला दिसलं की ती अजून काळ्या कपड्यांत आहे.

तो संतापला. "रेडा नाही घेतला, ठीक. पण पोटच्या पोरीला आईचं काळंसुद्धा उतरवू दिलं नाही? माणसं आहेत की कोण?"

"दिलं की. दादानंच हाताला धरून पुढे नेलं. आईचं परवाच उतरलं."

"मग हे काय?"

जुविता पुन्हा मिरच्या कुटायला लागली.

"हे तुम्हा दोघांचं आहे."