सातव्या दाराची सुसर

ओल्या शेणाचा वास आला तशी चांगुणानं डोक्यावरची घागर धपकन खाली टेकवली. मागच्या खोलीची जमीन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारवलेली होती. आठ दिवस खपून तिनं चुनखडीनं काढलेला गड त्याखाली गेला होता.

"आक्का!"

थोरली जाऊ गोजरबाई पडवीत शेणाचे हात धूत होती. "काय गं, इंचू चावला का?"

"माझा गड कुनी सारवला?"

"कुलूप लावायचं घर सारवल्याबिगर ठिवत्यात व्हय?"

एकाहत्तर सालची दिवाळी सरली होती. पाथर्डीकडच्या त्या गावातून दोन दिवसांनी बैलगाड्या ऊसतोडीला निघणार होत्या. चांगुणाची राहुरीकडं, गोजरबाईची दुसऱ्या टोळीबरोबर पार लांब. गाव सोडताना घर सारवायचं, हे खरंच होतं. पण तो गड कशाचा, हे गोजरबाईला पक्कं ठाऊक होतं.

नागपंचमीपासून दर बाजारच्या दिवशी दुपारी तिथं खेळ मांडायचा. प्रत्येकीचा एक खडा, आणि तो खडा म्हणजे एक बाई: कुणी रूप पालटणारी, कुणी पाखरांशी बोलणारी. पुढं काय दिसतं ते चांगुणानं सांगायचं, काय करायचं ते जिचं तिनं ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते पाच कवड्यांनी सांगायचं. सहा दारं फुटली होती. सातव्यामागं साऱ्या मुलखाचं पाणी अडवून तीन तोंडांची सुसर बसली होती. उद्या बाजार, उद्याच शेवटचा डाव. भाकरी थापता थापता चांगुणानं भुयारं आणि फसव्या पायऱ्या जुळवल्या होत्या. खेळातल्या बाकीच्या दोघी, विजयमाला आणि मुक्ताबाई, दुपार मोकळी मिळावी म्हणून आधीच दळण उरकून बसल्या होत्या.

"तुमी मुद्दाम केलं!" चांगुणाचा आवाज फाटला, पण 'तुमी' काही सुटलं नाही.

"पोरीबाळींचा खेळ त्यो. त्याचं काय एवढं?"

"मंग काजळीला सुसरीनं धरलं तवा डोळं कशाला पुसत हुता?"

काजळी गोजरबाईची. नदीतला काळा खडा, घोड्यावर बसणारी बाई. मागच्या डावात सातव्या दाराशीच ती घायाळ झाली होती; उद्या तीनपेक्षा कमी कवड्या उताण्या पडल्या, की मेली.

"आन् मेली तर?" गोजरबाई म्हणाली. "सा म्हैने उसात कुनाला संगं नेऊ? कोयता हानताना मी घोड्यावर आसते, चांगुणे."

"मला सांगायचं हुतं!"

"सांगितलं आस्तं तर सुसर हलकी केली आस्तीस?"

"न्हाई!"

"मंग?"

"म्हनून दोघींचा खेळ बुडवायचा? माझं आठ दिस शेणात घालायचं?"

चांगुणानं चुलीतलं विझलेलं लाकूड उचललं आणि तरातरा खोलीत गेली.

"अगं, वल्यात पाय देती का!"

तिनं ऐकलंच नाही. लाकडाच्या टोकानं तिनं ओल्या शेणात गड ओरबाडला. तट, भुयार, सातवं दार. रेघ चुनखडीपेक्षा खोल उठत होती. मग न बघता हात मागं केला. "खडा द्या."

गोजरबाईनं कनवटीचा खडा काढून दिला. चांगुणानं तो दाराबाहेर अंगठ्यानं शेणात रुतवला.

"बसू द्या हितंच. मरायची न्हाई. दोघी आत जातील, पानी सोडतील. त्यातला थेंबबी हिच्या वाट्याला न्हाई."

गोजरबाई उंबऱ्यातून त्या खड्याकडं बघत राहिली. मग लुगडं सावरून तीही ओल्यात उतरली आणि नखानं खडा उकरून काढला.

"गप बसून ऱ्हायला ती काय माझ्यावानी हाय? टाकते उद्या कवड्या."

"सुसर हलकी हुनार न्हाई."

"करू बी नगंस. आन् ही जमीन परवा तूच सारवायची."

चांगुणा सुसरीचं तिसरं तोंड काढत होती, आधीच्यापेक्षा मोठं.