न्हाणीचं पाणी आणि अंजनाची काकडी

मित्रांनो, म्हसवडजवळच्या एका मेंढपाळाच्या परसात मी आडवा पडलो आहे. मी न्हाणीचा जुना काळा दगड. पाथरवटाने मला घडवलं, मधोमध एक पन्हळ कोरली आणि घरच्या रंगूबाईने मला इथे बसवून घेतलं. माणसं माझ्यावर बसून अंघोळ करत आणि ते पाणी पन्हळीतून खालच्या वाफ्यात जाई. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. पण माझ्याच पाण्यावर आठ मिरच्या आणि काकडीचा एक वेल वाढत होता. मला त्याचा फार तोरा होता, खोटं कशाला बोलू?

काकडी रंगूबाईच्या सुनेची, अंजनाची. तिच्या आईने मरण्याआधी राखेत घोळून ठेवलेलं बी तिने पदराला गाठ मारून सासरी आणलं होतं. दर वर्षी ती एक काकडी तोडायची नाही. वेलावरच पिवळी होऊ द्यायची आणि तिचं बी पुढच्या सालाला राखायची.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. आधीच्या साली पाऊस पडलाच नव्हता. अंजनाचा नवरा सिद्धू मेंढरं जगवायला कोयनेकडे गेला आणि घरी दोघीच राहिल्या. टँकर दिवसाआड येई. दोघींच्या अंघोळीला मिळून एक घागर. तेवढ्यावरही वेल तगला. राखलेलं सगळं बी पेरून संपलं होतं आणि वेलावर एकच काकडी धरली होती. अंजना तिला पानाआड झाकून ठेवी.

चैत्रात अंजना बाहेरची झाली. तेव्हा बाईला ते चार दिवस बाजूला बसवत.

"चार दिस परसात येऊ नगंस गं," रंगूबाई म्हणाली. "येलाला इटाळ सोसत न्हाई."

त्या वेलावर तिचाही जीव होता. तो वाचावा म्हणूनच ती सुनेला अडवत होती. दिवसभर ती दुष्काळी कामावर खडी फोडी, तहानेने आपल्या वाटणीचं पाणी पिऊन टाकी आणि उरलेल्या ओंजळभर पाण्याने माझ्यावर जेमतेम हातपाय धुई. मी उन्हाने तापलेला. ते ओंजळभर पाणी माझ्यावरच आटे. अंजनाच्या वाटणीची अर्धी घागर मात्र गोठ्यामागच्या कडक जमिनीवर वाया जाई.

तिसऱ्या दिवशी अंजनाने लांबूनच हाक मारली. "आत्याबाई, येलानं माना टाकल्यात. माझ्या वाटणीचं पानी तुमीच वता की."

"तुझं भांडं मी कशी शिवू? उद्याचा एक दिस हाय. मग तूच घाल."

पाचव्या दिवशी सकाळी अंजना माझ्यावर डोक्यावरून न्हाली. सगळं पाणी वाफ्यात गेलं. दोन मिरच्या तगल्या, वेल काही उठला नाही. तिने ती काकडी चिरली. आत बी होतं, पण पोकळ, कागदासारखं.

"माझ्या आयचं बी व्हतं. आता कुटनं आनू?"

रंगूबाईने ते पोकळ बी तळहातावर घेतलं. "माझंच चुकलं," एवढंच ती म्हणाली. मला रडता येत असतं तर मी त्या दिवशी रडलो असतो.

पुढच्या महिन्यात अंजना पुन्हा बाजूला बसली. तेव्हा रंगूबाई तिच्यापाशी गेली आणि हात धरून तिला माझ्याजवळ घेऊन आली. "हितंच न्हा. पानी मिरचीला जाऊ दे."

मिरच्यांना पुन्हा फुलं आली. पुढच्या साली सिद्धूने बाजारातून काकडीचं बी आणलं. तेही चांगलं उगवलं. अंजना काकडी चिरून सगळ्यांना देई, स्वतः मात्र एक फोडही तोंडात घालत नसे.

मित्रांनो, आता घरात मोरी झाली आहे आणि माझ्यावर कुणी न्हात नाही. त्याचं मला दुःख नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी आई, बहीण किंवा वहिनी अशी बाजूला बसली असेल, तर तिला आजच आत बोलवा. रंगूबाईने बोलावलं, पण तोवर काकडीचं बी गेलं होतं.