न चाललेली ओळ

वर्षाराणीला कामावर लागून जेमतेम आठ दिवस झाले होते. दुपारचे डबे आवरता आवरता तिनं आपला लॅपटॉप शिवलीलासमोर सरकवला.

"ताई, हे बघा की. चूक काहीच दाखवत नाही, पण प्रोग्रॅम चालवला की एक अक्षर छापत नाही."

राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात हॅस्केल ही प्रोग्रॅम लिहायची भाषा धड येणारी शिवलीला एकटीच. तिनं एका नजरेत ओळखलं.

"इथं तू 'लेट' लिहिलंयस. म्हणजे कामाला नुसतं नाव दिलंस, कर म्हणून सांगितलंच नाहीस. चिठ्ठी लिहून खिशात ठेवलीस तर ती खिशातच राहणार की. 'लेट' काढ, आणि ओळीवर नुसतं…"

बोलता बोलता ती थांबली. असंच 'लेट' तिनं स्वतः कुठंतरी लिहिलं होतं.

शिरोली एमआयडीसीत बाळासोंची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, होती. तिथल्या जुन्या विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या नळीची कॉइल होती आणि तिच्यातून सतत थंड पाणी खेळायचं. पाणी कमी पडलं की कॉइल तापून फुटते, आणि ते पाणी लोखंडाच्या रसाला भिडलं की भट्टी बॉम्बसारखी उडते. वीज तोडणारा मूळचा कट-ऑफ जळून गेला होता. त्याच्या जागी शिवलीलाचा प्रोग्रॅम तीन आठवड्यांपूर्वी बसवला होता. पाणी कमी झालं की भोंगा वाजणार, वीज तुटणार.

तिनं फाइल उघडली. पाणी तपासायचं काम बिनचूक लिहिलेलं होतं. चाचणीत ते वेगळं चालवलं तेव्हा भोंगा ठणठणीत वाजलाही होता. पण मुख्य प्रोग्रॅममध्ये त्या कामाला 'लेट'नं नाव देऊन ती पुढं गेली होती. ते नाव पुन्हा कुठंच नव्हतं. प्रोग्रॅम तपासून घेणाऱ्या कंपायलरनं इशारा दिला असणार. साठ-सत्तर इशाऱ्यांच्या गर्दीत तिनं तो वाचलाच नव्हता. म्हणजे तीन आठवडे पाणी एकदाही तपासलं गेलं नव्हतं.

भट्टीचे फोरमन हंबीरराव फोन उचलेनात. त्या आवाजात फोन कुठला ऐकू येतोय! बाळासोंचा फोन बंद.

"वर्षा, दोघांनाही लावत राहा. उचलला की सांग, भट्टीची वीज बंद करा. दुसरं काही बोलू नकोस." एवढं सांगून तिनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि जिन्यावरून पळत सुटली.

तावडे हॉटेलच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरनं वाट अडवली होती. शिवलीला गाडीच्या हॉर्नवरचं बोट काढीना. दुसऱ्या पाळीची माणसं आत्ता भट्टीपाशी असतील, हंबीरराव असतील, रस ओतणारा आकाराम असेल. भोंगा बसवला त्या दिवशी आकारामच्या बायकोनं तिला डबाभर लाडू पाठवले होते. पंचगंगेच्या पुलावर चढताच शिरोलीकडं पांढरा लोट उठलेला दिसला. गाडी कठड्याकडं भेलकांडली. जवळ गेल्यावर कळलं, लोट दुसऱ्याच कारखान्याचा होता, रोजचाच.

फाटकावर पहारेकऱ्यानं वही पुढं केली. "मॅडम, सही करा."

ती वही बाजूला सारून आत धावली. भट्टी लालभडक उकळत होती. हंबीरराव भट्टीपासून पाच हातांवर उभे राहून कुणावर तरी ओरडत होते.

"काका, पाण्याचा काटा कुठाय?"

"काटा? अगं, तू भोंगा बसवल्यापास्नं काट्याकडं बघतंय कोण? भोंगा वाजला न्हाय, म्हंजे पाणी बरं हाय की!"

खांबावरच्या काट्याच्या काचेवर धूळ साचली होती. शिवलीलानं ओढणीनं ती पुसली. काटा तांबड्या पट्ट्यात होता, पार खाली.

"भोंगा वाजणारच नाही, काका! माझी चूक झालीय. वीज तोडा!"

हंबीररावांनी तिच्या तोंडाकडं एकदा पाहिलं, काट्याकडं पाहिलं, आणि झेप घेऊन मेन स्विच खाली ओढला. "मागं व्हा रं! समदी मागं! आकाराम, उंचावरल्या टाकीचा वॉल्व सोड!"

माणसं वाळूच्या ढिगामागं पळाली. आकाराम तेवढा भट्टीला वळसा घालून पलीकडच्या वॉल्वकडं गेला. तो दिसेनासा झाला. खांब शिवलीलानं इतका घट्ट धरला होता की नखं दुखत होती. मग नळ खडखडला. काटा थरथरला आणि केसाकेसानं वर सरकू लागला.

भट्टी वाकवून उरलेला रस खड्ड्यात ओतला. पंपाची जाळी गाळानं गच्च भरलेली सापडली.

शिवलीला सगळ्यांपुढं उभी राहिली. "तीन आठवडे तुम्ही माझ्या भोंग्यावर विसंबलात, आणि तो मी चालूच केला नव्हता," ती म्हणाली. कारणही तिनं सांगितलं, कुणालाही कळेल अशा भाषेत.

"मेलो असतो की गं आमी," हंबीरराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

तिथंच फळीवर बसून तिनं ओळ दुरुस्त केली. भट्टी पुरती थंड पडल्यावर हंबीररावांनी तिचं पाणी स्वतः तोडून पाहिलं. भोंगा वाजला. त्यांनी तो पाच वेळा वाजवून पाहिला, आणि तरीही काट्यापाशी दर पाळीला एक माणूस नेमला. बाळासोंनी पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं.

दोन दिवसांनी भट्टी फोडून आतलं अस्तर काढलं, तेव्हा हंबीररावांनी तिला बोलावून घेतलं. एका जागी कॉइल काळीठिक्कर पडून फुगली होती. आकारामनं तिथं अंगठ्यानं हलकंच दाबलं. तांब्याचा पापुद्रा आत गेला, आणि भोकातून आत उरलेल्या पाण्याची बारीक धार त्याच्या मनगटावर आली.

शिवलीलानं बोटं लावून पाहिलं: परवा रस उकळत होता ती जागा त्या भोकापासून जेमतेम चार बोटांवर होती.